अकरा हिरवे दाणे

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सरळ लिहिता येईल. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, वसईच्या समुद्रकाठी, माझ्या चाळणीत प्लास्टिकचे अकरा हिरवे दाणे आले. मी ते मोजले, शर्टाच्या खिशात घातले आणि वही धरून उभ्या असलेल्या गायकवाड बाईंना म्हणालो, "काही नाही." त्यांनी हिरव्या दाण्याच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि शेजारी माझं नाव लिहिलं.

प्रवास म्हणावा इतका हा लांबचा प्रवास नाही. बदलापूरहून निघून नदी, नाला आणि खाडी या पाण्याच्या वाटेनं समुद्रापर्यंत, पाच दिवस. आमच्या भागातला माणूस महाबळेश्वरला जातो, फार तर गोव्याला जातो. आपल्या मोरीतलं पाणी पुढे कुठं जातं ते बघायला कुणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण अंबरनाथच्या कारखान्यातून मी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती, माझी बायको शैला जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला सासरी होती. बदलापुरातल्या कुळगावच्या दोन खोल्यांत संध्याकाळी पाचनंतर करण्यासारखं काही उरत नसे. वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लावलेला दिसला: "पाण्यातलं प्लास्टिक मोजायला माणसं हवीत. पिशव्या, झाकणं, दोऱ्या, दाणा. मोजता आणि लिहिता आलं पाहिजे. चालायची तयारी हवी." खाली उल्हासनगरचा पत्ता होता.

त्यातल्या "दाणा" या शब्दापाशी मी थांबलो. तो शब्द कारखान्याबाहेरच्या माणसाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

बदलापूर

नदीकाठी सकाळी सातला भेटायचं ठरलं होतं. मी पावणेसातला पोचलो. पाण्यावर धुकं होतं आणि जांभूळच्या पाणीपुरवठा केंद्राच्या बाजूनं पंपांचा आवाज येत होता.

गायकवाड बाई नगरपालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, पायात कॅनव्हासचे बूट, साडी घोट्याच्या वर खोचलेली. रविवारी त्या विहारातल्या मुलांना प्रयोग करून दाखवत, त्याच सवयीनं आमच्याशी बोलत. त्यांच्याबरोबर परसराम नावाचे सिंधी गृहस्थ होते, साठीचे, पोट पुढे, डोक्यावर माकडटोपी. उल्हासनगरात त्यांचं पिशव्यांचं होलसेल दुकान होतं, ते आता मुलगा बघत होता.

"मी पण मोजायला," परसराम म्हणाले. "आयुष्यभर विकल्या, आता मोजतो. डॉक्टरने चालायला सांगितलंय."

बाईंची रीत अशी होती. लाकडी पट्ट्यांची एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट. पाणी चढून जिथपर्यंत येतं तिथं काडीकचऱ्याची एक रेघ उमटते, त्या रेघेवर चौकट टाकायची. आतली वरची बोटभर माती खरवडून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायची. माती खाली बसते, प्लास्टिक वर तरंगतं. मग पिठाच्या चाळणीनं ते गाळून घ्यायचं, वेगवेगळं करायचं, मोजायचं. चौकटीबाहेर सोन्याचं नाणं दिसलं तरी वहीत घ्यायचं नाही. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मोजणाऱ्याचं नाव.

"नाव कशाला?" मी विचारलं.

"आकडा चुकला तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून. शिक्षा नाही हो. नुसतं विचारायचं."

त्या दिवशी बिस्किटाच्या पुड्याचे दोन कागद, शाम्पूच्या पुडीचा कोपरा आणि नायलॉन दोरीचा तुकडा मिळाला. दाणा नव्हता. वही माझ्याकडे होती, मी रकाना मोकळा सोडला. बाईंनी माझ्या हातातून पेन घेऊन तिथं नीट गोल शून्य काढलं.

"शून्य हाही आकडाच आहे, सामंतसाहेब. जागा मोकळी सोडली तर वाचणाऱ्याला वाटेल, आपण बघितलंच नाही."

"मग जिथं काही नाही तिथून सुरुवात का?"

"म्हणजे पुढे जे सापडेल ते कुठून आलं, हे तरी म्हणता येईल."

दुपारी काठावर बसून जेवलो. बाईंच्या डब्यात ज्वारीची भाकरी, वाटाण्याची उसळ आणि ठेचा. परसरामांनी पेपरात गुंडाळून पापड आणले होते, ते गुडघ्यावर आपटून मोडून वाटले. मी खानावळीची पोळीभाजी आणली होती. ती मी एकटाच खात होतो हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी माझी एक पोळी उचलून त्या जागी भाकरी ठेवली.  तीन वर्षांत कुणी माझ्या डब्यातलं उचलून खाल्लं नव्हतं.

अंबरनाथ

वालधुनी ही छोटी नदी काकोळ्याच्या डोंगराकडून येते आणि खाली वसाहतीत तिचा नाला होतो. तिथं रेल्वेचं जुनं तळं आहे, भोवती पळस आणि करवंदीच्या जाळ्या. तिथलं पाणी बाईंनी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं. मी नको म्हणालो. पुढच्या दोन तासांत काय दिसणार आहे हे तिघांत मला एकट्यालाच माहीत होतं.

दहा वाजता आम्ही औद्योगिक वसाहतीच्या नाल्यावर होतो. पहिली शिफ्ट आत गेली होती, रिक्षावाले सावलीत पत्ते खेळत होते. नाल्याचं पाणी त्या दिवशी विटकरी होतं. मी नोकरीत असताना ते कधी निळं असे, कधी जांभळं. आमच्यात गंमत असायची की पाण्याचा रंग बघून कुणाच्या ऑर्डरी जोरात आहेत ते सांगता येतं. ती गंमत मी बाईंना सांगायला गेलो आणि अर्ध्यावर थांबलो.

चौकट टाकली. बादलीत माती पडली आणि पाण्यावर दाणे वर आले. आधी पांढरे, मग काळे, मग हिरवे.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. दाणा म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, मसुरीएवढा. बादली असो, आंघोळीचा मग असो, पिशवी असो, आधी हा दाणा वितळवायचा. आमच्या कारखान्यात साध्या दाण्यात रंग कालवून रंगीत दाणा तयार होई. वितळलेल्या मालाच्या शेवया पाण्याच्या टाकीतून थंड होऊन येत आणि कटर त्यांचे तुकडे पाडी. हिरव्यातला सात नंबरचा रंग मी बसवला होता. पोपटी म्हणावा तर थोडा गडद, कोथिंबिरीसारखा म्हणावा तर थोडा फिका. आंघोळीचे मग करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तोच हवा होता आणि तो जमायला मला तीन महिने लागले. तो दुसरं कुणी करत नव्हतं. शिवाय आमच्या कटरची एक पाती किंचित तिरकी बसली होती, त्यामुळे दाण्याची एक कड कललेली निघे. ती पाती बदलायची म्हणून मी दोन वेळा मागणी लिहिली होती.

शिफ्ट संपताना जमिनीवर सांडलेला माल झाडून, तोलून, वजन फळ्यावर लिहायचं असा नियम होता. ज्याच्या शिफ्टचं वेस्टेज जास्त त्या अधिकाऱ्याला केबिनमध्ये बोलावणं येई. मी एका शिफ्टचा अधिकारी होतो; मी एक सोपी गोष्ट केली. झाडायच्या आधी पाण्याचा पाइप सोडायला सांगू लागलो. "जमीन धुवून घ्या रे," एवढंच म्हणायचो. दाणा नाल्यात वाहून जाऊ द्या असं मी कधी म्हटलं नाही. माणसं समजूतदार होती. उरलेलं मूठभर तोलून फळ्यावर लिहिलं जाई. दुसऱ्या शिफ्टचे देसाई पोतंभर झाडून सगळं तोलायचे आणि दर महिन्याला बोलणी खायचे. मला तीन वर्षं सलग बक्षीस मिळालं. पहिल्या वर्षी भिंतीवरचं घड्याळ, दुसऱ्या वर्षी थर्मास, तिसऱ्या वर्षी ब्रीफकेस. थर्मास शैलानं माहेरी दाखवायला नेला होता.

असं मी नऊ वर्षं केलं.

बाईंनी चाळणीतून एक हिरवा दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"तुम्ही या धंद्यात होतात. कुणाचा असेल हा?"

मी तो बोटांत फिरवला. कललेली कड बोटाला लागली. रुमालानं पुसून मी तो त्यांना परत दिला.

"सांगता येत नाही," म्हणालो. "हिरवा बरेच जण करतात."

त्यांनी तो खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकला. बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहिलं: अंबरनाथ.

शिवमंदिराशी आलो तेव्हा दुपार झाली होती. देवळामागून तोच नाला जातो. बाई पाण्याजवळ चौकट लावत होत्या, परसराम दर्शनाला गेले होते. मी पायरीवर बसलो. शैला दर महाशिवरात्रीला इथं यायची, गर्दीत दोन-दोन तास उभी राहायची. मी तिला सोडून कारखान्यात जायचो. इतकी वर्षं मला हे देऊळ आणि ते गटार वेगवेगळ्या गावांतलं वाटत होतं.

उल्हासनगर

तिसऱ्या दिवशी चालणं कमी आणि अडखळणं जास्त झालं. नाल्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची शेडं, जीन्स धुवायचे हौद, निळं पाणी, कपड्यांच्या चिंध्या. एका ठिकाणी माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. पाय बाहेर आला, चप्पल आली नाही. पलीकडच्या शेडातला एक कामगार ओरडून म्हणाला, "काका, राहू दे ती, उद्या कल्याणला भेटेल." सगळे हसले. मीही हसलो आणि पुढचा तासभर एका पायात चप्पल घालून चाललो.

चौकटीत इतकं आलं की एका चौकटीला दीड तास लागला. परसराम पिशव्या मोजत होते. अचानक ते उभे राहिले आणि चिखलानं लडबडलेली एक पिशवी दोन्ही हातांत धरून झेंड्यासारखी वर केली.

"बाई, ये तो अपनी है. नाव बघा, नाव. आपल्या दुकानाचंच छापलंय."

"बरं मग?"

"मग काय, लिहा. परसराम, नग एक."

"दुकानाचं नाव लिहायची आपली रीत नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही इतक्या आनंदानं काय सांगताय? लाज वाटायला हवी."

"वाटते ना. पण नाव छापलंय साईं, आता पळून जाऊ कुठं?"

बाईंना हसू आलं. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात खरंच लिहिलं: यातली एक परसराम यांच्या दुकानची, त्यांनी स्वतः ओळखली. परसराम वाकून ती ओळ दोनदा वाचून घेत होते. मी बादलीवर वाकून हिरवे दाणे वेगळे काढत होतो. नऊ होते. माझ्या मालावर नाव छापलेलं नव्हतं.

जेवायला ते आम्हाला घरी घेऊन गेले. आमच्याकडे पाहुण्याला चहा विचारतात, पाहुणा "आत्ताच घेतला" म्हणतो, मग अर्धा कप घेतो. सिंध्यांकडे विचारत नाहीत. दारात पाऊल टाकलं की पापड आणि पाणी समोर येतं. उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगलं काय द्यायचं ते मला सुचत नाही. मग दाल-पकवान आलं. परसरामांची बायको वाढत होती. मुलाची चप्पल तिनं आधीच माझ्यासाठी दाराशी काढून ठेवली होती.

"घर में कौन कौन है, भाईसाब?" तिनं विचारलं.

"मी एकटाच."

तिनं न विचारता आणखी एक पकवान माझ्या ताटात टाकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "इनको आते-जाते बुलाया करो."

परसराम बोलावतात अजून. मी दोनदा गेलो. मग काहीतरी कारणं सांगू लागलो. नाव छापलेल्या माणसासमोर बसून जेवणं मला जड जातं.

खाडी

कल्याणच्या पुढे पायी जाता येत नाही. बाईंनी एका कोळ्याची होडी ठरवली होती. बाळू नाखवा, पन्नाशीचा, इंजिनाशी सतत भांडणारा. आमच्या बाटल्या, चौकट आणि बादली बघून तो म्हणाला, "काय बाय, दवाखाना मांडताव काय खारीन?"

बाईंनी त्याला बाटलीतले दाणे दाखवले. त्यानं बाटली हलवून बघितली.

"ह्ये तं रोजचंच हाय. आमचे बायकोनं परवा बोयटाचं पोट फारलं, आतमंदी ह्येच. तिला वाटलं गाबोळी, मासलीची अंडी. दाताखाली घेतली, तं चावंना."

"मग काय केलंत?"

"काय करनार? मासली धुतली आन खाल्ली. इकाची थोरीच होती ती."

बाईंनी हे वहीत मागच्या पानावर उतरवून घेतलं, मोजणीत नाही. "ऐकलेलं आणि मोजलेलं वेगळं ठेवायचं," म्हणाल्या.

खाडीच्या काठी दोन चौकटी झाल्या. दोन्हीत हिरवा मिळाला, एकीत चार, एकीत एक. बाई त्या एकावर चारांपेक्षा जास्त खूश झाल्या, कारण तो समुद्राच्या जास्त जवळ सापडला होता. नाखव्यानं तांदळाची भाकरी आणि जवळा दिला. परसराम मासे खात नसल्यानं भाकरीवर साखर घेऊन बसले. घोडबंदरच्या अलीकडे ओहोटीनं आम्हाला गाठलं आणि होडी गाळात बसली.

"आता चार घंटं बसा," नाखवा म्हणाला. "खारीला घाई नाय." आणि तो तोंडावर टॉवेल घेऊन झोपला. परसरामही थोड्या वेळानं घोरू लागले.

दोन्ही बाजूंना तिवरांच्या झाडांच्या मुळ्या गाळातून वर आल्या होत्या आणि प्रत्येक मुळीला काही ना काही अडकलेलं होतं, दोरी, पिशवी, कुणाच्या तरी बाहुलीचा हात. एक बगळा त्यातून पाय उचलून चालत होता. बाईंनी बाटल्या फळीवर ओळीनं मांडल्या. अंबरनाथ, उल्हासनगर, खाडी. शेवटी एक रिकामी ठेवली.

"ही उद्याची," त्या म्हणाल्या. "समुद्रावर एक जरी हिरवा सापडला ना, तर साखळी पुरी होते. पांढरा कुणीही म्हणेल आमचा नाही. हिरवा एकाच नाल्यातून सुरू झालाय."

"मग तुम्ही त्या कारखान्याचं नाव घेणार?"

"नाव मला माहीतच नाही. आणि नकोही. पुढच्या महिन्यात कारखानदारांची बैठक आहे, तिथं मला दहा मिनिटं दिलीत. मी एकच मागणार. प्रत्येकाच्या नाल्याच्या तोंडाशी एक बारीक तारेची जाळी. ही आपली चाळणी आहे ना, तेवढीच." मग विचारलं, "तुमच्याकडे होती का हो जाळी?"

"नव्हती," मी म्हणालो. पाच दिवसांत त्या धंद्याबद्दल मी खरं बोललो ते एवढंच.

बाई गाळाकडे बघत होत्या. तसंच बघत म्हणाल्या, "अंबरनाथला तुम्ही तो दाणा पुसून परत दिलात. परकी वस्तू कुणी पुसत नाही, सामंतसाहेब."

मला वाटलं, आता सांगावं. होडी हलत नव्हती, बाकीचे झोपले होते, ऐकायला एक बगळा होता. याहून सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नसती.

"चिखल लागला होता त्याला," मी म्हणालो.

"असेल," बाई म्हणाल्या. पुन्हा त्यांनी कधीच विचारलं नाही.

समुद्र

वसईच्या किल्ल्यापलीकडे सुरूची झाडं आहेत आणि त्यापुढे काळसर वाळू. सकाळची भरती नुकतीच उतरली होती. वाळूवर तिची रेघ होती, आणि त्या रेघेत आमच्या गावांतलं सगळं होतं. टूथब्रश, पेनाचं टोपण, चपलांचे पट्टे. माझी चप्पल मी उगाच शोधली.

नियमाप्रमाणे तीन चौकटी होत्या, प्रत्येकाला एक. बाई डावीकडे, परसराम मध्ये, मी उजवीकडे शेवटी. वाळू बादलीत टाकली. ती गढूळ होऊन खाली बसली आणि वर सुरूच्या काड्या, थर्माकोलचा चुरा, पांढरे दाणे आणि ते आले. चाळणीत घेऊन एकेक मोजले. अकरा. उन्हानं एका बाजूनं फिके पडलेले, दुसऱ्या बाजूनं मी बसवलेला रंग जसाच्या तसा. एकाची कड बोटानं चाचपली. गरज नव्हती.

मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. मला कोण काय करणार होतं? मला फक्त असं वाटलं की हे माझ्या मागे चालत आले आहेत. इतक्या लांब, इतक्या वर्षांनी, पत्ता विचारत. मी हात मिटला आणि खिशात घातला.

"सामंतसाहेब, हिरवा?" बाई वही घेऊन आल्या.

"काही नाही. पांढरे सहा आहेत."

परसरामांकडेही हिरवा नव्हता, बाईंकडेही नव्हता. तीन शून्यं लिहिली गेली. त्यातली दोन खरी होती. रिकामी बाटली बाईंनी पदरानं पुसून पिशवीत ठेवली.

"चौकटीबाहेर सापडला तरी लिहिता येणार नाही," म्हणाल्या, "पण बघून येते."

त्या भरतीच्या रेघेवरून वाकून चालत गेल्या, लांब, खूप लांब, मग परत आल्या. मी त्यांच्या मागे दहा पावलं अंतरानं चालत होतो. मला फक्त एक दाणा त्यांच्या पुढे वाळूवर टाकायचा होता. वहीत गेला नसता, पण त्यांना तरी कळलं असतं. दोनदा माझी बोटं खिशात गेली. परसराम सुरूखाली बसून हाका मारत होते, "चला साब, चाय ठंडी होती है." आम्ही गेलो, चहा घेतला. तो थंडच होता.

परत आल्यावर

बैठकीला मी गेलो होतो, तिसऱ्या रांगेत बसलो होतो. बाईंनी आकडे वाचले. अंबरनाथ, उल्हासनगर, खाडी, आणि मग त्याच आवाजात, "समुद्रावर: शून्य." तो शेवटचा आकडा त्या गाळू शकल्या असत्या. कुणाला कळलंही नसतं.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे बाई, समुद्राचा आमच्याशी संबंध नाही, असंच ना?"

"आत्तापर्यंतच्या मोजणीत दिसलेला नाही," बाई म्हणाल्या.

"मग जाळी कशाला? झेंडूची फुलं अडकवायला?"

हशा झाला. बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. कागद घडी करून खाली बसल्या. दहा मिनिटांतली सहाच झाली होती. जाळीचा विषय पुन्हा निघाला नाही. त्यानंतर चार पावसाळे झाले, आणि जाळी नसलेल्या नाल्यांतून त्या पाण्याबरोबर काय काय गेलं ते मोजायला कुणी बसलं नाही.

मी स्वतःला बरीच कारणं सांगितली. माणसांच्या नोकऱ्या जातील. देसाई काय म्हणतील. अकरा दाण्यांनी काय सिद्ध होतं. सगळी खोटी. खरं एवढंच की नऊ वर्षं मी चांगला अधिकारी होतो असं मला वाटत आलं होतं, आणि तेवढं एक माझ्याजवळ राहावं असं वाटत होतं. शैलाही तसंच समजून गेली.

त्याच उन्हाळ्यात आंघोळीचे मग करणारं ते गिऱ्हाईक तुटलं आणि सात नंबर बंद झाला. बाई दर थंडीत नवीन माणसं घेऊन त्याच वाटेनं जातात. परसराम आता काठी घेऊन चालतात, पण जातात. हिरवा आता नाल्यातसुद्धा सापडत नाही, समुद्रावर कुठला सापडणार? त्यामुळे साखळीचा तो शेवटचा दुवा जगात एकाच ठिकाणी आहे. माझ्या कपाटात, फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत. महिन्यातून एकदा मी ते दाणे काढून मोजतो. एकही कमी झालेला नाही.

बाईंच्या वहीत चौऱ्याण्णवच्या पानावर, समुद्राच्या खाली, तिसऱ्या ओळीत शून्य आहे आणि पुढे माझं नाव आहे. आकडा चुकला तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून. त्यांनी विचारलेलं नाही.

मी गायकवाड बाईंना अकरा दाणे देणं लागतो, आणि त्या ओळीत शून्याच्या जागी अकरा.